थंड अ‍ॅम्प्लिफायर आणि भैयाजींचा कान

नागपूरच्या नंदनवनात भैयाजी गिऱ्हेपुंज्यांचं घर विचारलं, तर सांगणारा आधी उलट विचारतो, "कानवाले भैयाजी का?" हो म्हटलं की मग पाण्याची टाकी, पिंपळ, पिवळं फाटक, सगळ्या खुणा भराभर मिळतात. शिक्षणावरून, पैशावरून, नाहीतर भांडकुदळपणावरून माणसाला ओळखणारे मोहल्ले पुष्कळ आहेत. नुसत्या कानावरून ओळखणारा हा एवढाच असावा.

भैयाजींनी चाळीस वर्षं माईक-लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा केला. सायकलवर भोंगा बांधून सुरुवात केली, मग रिक्षा आली, मग छोटा टेम्पो आला. लग्नं, गणपती, भागवत सप्ताह, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे गिऱ्हेपुंज्यांचाच आवाज. मौद्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माईकनं शिट्टी मारायला सुरुवात केली. नवरीचा मामा वायरी ओढतोय, भटजी माईकवर टिचक्या मारतायत, आणि भैयाजी मागे पंगतीत जिलबी हातात धरून बसलेले. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "त्या पोट्ट्याले सांगा, डावीकडचा भोंगा हातभर मागं सरकव!" भोंगा सरकला, शिट्टी थांबली, अक्षता पडल्या. भैयाजींनी जिलबी संपवली आणि दुसरी मागितली.

आता वय सदुसष्ट. धंदा मुलाकडे, पियूषकडे गेला. भैयाजींचे गुडघे कुरकुरतात, खालची दाढांची रांग पूर्ण नवी आहे आणि डोक्यावर केस मोजण्याइतके उरलेत. याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. कुणी तब्येत विचारली की ते म्हणत, "बाकी सगळं गेलं तं जाऊ दे ना बाप्पा. कान शाबूत हाय, बस झालं." मोहल्ल्यातल्या भजनी मंडळाच्या हॉलमध्ये अजूनही वर्षातून दोनदा त्यांना मानानं बोलावणं येई. हॉलच्या मधोमध खुर्ची ठेवायची, भैयाजींनी डोळे मिटून बसायचं, "याले थोडा कमी कर, त्याले थोडा वाढव" असं सांगायचं, आणि ते उठेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी रीतच पडली होती.

आणि रविवारची बैठक. सकाळी आठला भैयाजींच्या समोरच्या खोलीत पाच-सहा म्हातारे जमत. तर्री-पोहे खाऊन हात पुसून झाले की भैयाजी रेकॉर्ड लावत. एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. हे सगळं ज्याच्या जोरावर चाले तो एक जपानी अ‍ॅम्प्लिफायर होता. शहाऐंशी साली जरीपटक्यातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेला, अठरा किलो वजनाचा, पुढे चंदेरी बटणांची रांग आणि वर जाळीचं झाकण. चालू केला की तासाभरात चांगला तापायचा. भैयाजी तो सहसा बंदच करत नसत. थंड अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बासा, शिळ्या भातासारखा येतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांच्या या मताचा फायदा जिजाबाईंनी उचलला होता. नागपूरची थंडी पडली की विरजण लावलेलं दूध रात्रभर तसंच राहतं. म्हणून जिजाबाई कार्तिकापासून महाशिवरात्रीपर्यंत दह्याचं भांडं फडक्यात गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावर ठेवत. सकाळी सुरीनं कापावं असं दही. "तुमच्या डब्ब्याचा हा एवढाच उपयोग हाय जी," असं त्या वर म्हणत. भैयाजी सुरुवातीला चिडले, नंतर दही खाल्लं आणि गप्प बसले.

बैठकीतले सगळ्यात मोठे भक्त म्हणजे देवराव. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी घरी भैयाजींसारखाच सेट घेतला होता, आणि दर दिवाळीला वही घेऊन यायचे. अ‍ॅम्प्लिफायरसमोर मांडी घालून बसायचे आणि कोणतं बटण कुठे फिरवलेलं आहे त्याचं हुबेहूब चित्र काढून न्यायचे. घरी जाऊन आपली बटणं तश्शीच फिरवायचे. "आपला कान कायचा कान," ते म्हणायचे, "भैयाजीनं लावलं ते खरं."

तर असा तो अ‍ॅम्प्लिफायर मार्गशीर्षातल्या एका रविवारी, सनईची रेकॉर्ड ऐन रंगात असताना, 'फट्' करून बसला. झाकणातून धूर निघाला. दह्याच्या रिकाम्या भांड्याला काजळी धरली. बैठकीचा नियम असा की रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बाजू संपली की नाही हे कुणालाच कळेना, त्यामुळे सगळे धुराकडे पाहत मुकाट बसून राहिले.

सीताबर्डीवरच्या श्रीधर मेकॅनिकांनी तो आधी तीन वेळा दुरुस्त केला होता. त्यांनी या खेपेला झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. "भैयाजी, आता सोडा याले. याचे पार्ट भेटत नाही, अन् भेटले तं डुप्लिकेट भेटते. लय सेवा केली यानं." भैयाजींनी मान हलवली. घरी येताना त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर ऑटोत मांडीवर घेतला होता.

पियूषनं आठवड्याच्या आत नवा आणला. जेवणाच्या डब्याएवढा. पुढे आवाजाचं एकच गोल बटण, मागे वायरी खोवायच्या जागा, आणि लॅपटॉपला असतो तसा चार्जर. भैयाजींनी तो एका हातानं उचलला, कानाजवळ हलवून पाहिला आणि मुलाकडे पाहिलं.

"आतमधी काही हाय का नाही गा?"

"क्लास डी आहे बाबा," पियूष म्हणाला. "जुना डब्बा अर्धी वीज नुसती तापण्यात घालवत होता. हा सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होऊन काम भागवते. तापत नाही, बिल नाही. आपल्या वरातीच्या गाडीवर हेच तर आहे."

"वरातीले ठीक हाय. घोड्याम्होरं वाजवाले कान कोनाले लागते? मी गान्याची गोष्ट करून राहिलो."

"ऐकून तर पाहा."

भैयाजींनी ऐकलं. तीच सनईची रेकॉर्ड. डोळे मिटले, अर्धा मिनिट गेला, आणि त्यांनी डोळे उघडले. "उजवी बाजू कमजोर हाय."

पियूष दोन्ही स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्याला दोन्हीकडून सारखंच ऐकू येत होतं. पण या घरात आवाजाच्या बाबतीत बाबांशी वाद घालण्याचा रिवाज नव्हता. तोंडातल्या तोंडात "पाहतो" म्हणून त्यानं तो परत पाठवला आणि आठ दिवसांनी दुसरा मागवला. दुसऱ्याचीही तीच तऱ्हा. सनई डाव्या स्पीकरकडे सरकलेली, उजवीकडे जसा कुणी पडदा सोडलेला.

"दोन्हीचे दोन्ही खराब कसे येतील बाबा?"

"मंग माहा कान खराब हाय का?" भैयाजी कडाडले. स्वयंपाकघरात पोळी लाटणाऱ्या जिजाबाईंचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

त्यात दह्याचंही बिनसलं. जिजाबाईंनी सवयीनं भांडं नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवलं. भांडंच त्याच्यापेक्षा मोठं होतं, ते कसंबसं तोलून धरलं. सकाळी झाकण काढलं तर आत दूध ते दूधच. दुसऱ्या दिवशीही दूध. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताकाच्या कढीचा बेत रद्द करून वरण केलं आणि तेही धाडकन ताटात वाढलं. भैयाजींना मात्र यामुळे फार बरं वाटलं. या डब्यात काही दम नाही, याला घरातून दुसरा साक्षीदार मिळाला होता.

आता कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं त्यांनी ठरवलं. पण पुराव्याशिवाय बोलणारे भैयाजी नव्हेत. आयुष्यभर त्यांनी कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी एकच धडा दिला होता: एक बाजू कमी वाजली तर आरडाओरडा करायचा नाही, वायरी बदलून पाहायच्या. डावीची उजवीला, उजवीची डावीला. दोष जागेवरून हलला तर मशीन खोटी. नाही हलला तर स्पीकर पाहायचा. दहा वर्षांचं पोर करेल अशी ही तपासणी. ती त्यांनी या महिन्यात एकदाही केली नव्हती. का केली नव्हती, तर कानानं सांगितलं होतं ना! कानानं सांगितल्यावर वायरी कशाला हलवायच्या?

बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. जिजाबाई भाजी आणायला गेल्या होत्या. भैयाजी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि वायरी अदलाबदल केल्या. खुर्चीत येऊन ऐकलं. उजवी बाजूच कमी. म्हणजे मशीन निर्दोष. त्यांना थोडा रागच आला. मग स्पीकर खराब असणार. त्यांनी दोन्ही स्पीकर, कण्हत-कुथत, एकमेकांच्या जागी ओढत नेले. पुन्हा खुर्चीत बसले. सनई वाजली. उजवी बाजूच कमी.

आता बदलायला काही उरलं नव्हतं. नाही, एक गोष्ट उरली होती.  भैयाजी उठले, आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं.

सनई खोलीत या टोकाहून त्या टोकाला गेली. इतका वेळ जो स्पीकर दबलेला होता तो आता खणखणीत वाजत होता, आणि खणखणीत होता त्याच्यावर पडदा पडला होता. वायर तीच, स्पीकर तोच, मशीन तीच. फिरले होते फक्त भैयाजी.

त्यांना भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी. चाळीस वर्षं प्रत्येक मांडवात ते भोंग्याच्या डाव्या हाताला उभे राहायचे, म्हणजे मशीनवर उजवा हात पोचतो. उजवा कान चाळीस वर्षं भोंग्याला चिकटलेला. त्यांनी उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली, मग डाव्या. उजवीकडची चुटकी लांब, शेजारच्या घरात कुणी वाजवावी तशी आली. कोपऱ्यात जुना अ‍ॅम्प्लिफायर चादरीखाली ठेवलेला होता. त्यांनी चादर उचलली आणि डावं-उजवं कमीजास्त करायचं बटण पाहिलं. ते बारावर नव्हतं, घड्याळात दोन वाजावेत तितकं उजवीकडे फिरलेलं होतं. कुणी फिरवलं? त्या बटणाला तर दुसरं कुणी हातच लावत नसे. थोडं थोडं, वर्षावर्षानं, स्वतःच फिरवलं होतं. नव्याला ते बटणच नव्हतं.

जिजाबाई आल्या तेव्हा भैयाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चहा टाकला. दोन कप घेऊन आल्या आणि स्टूल ओढून नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसल्या.

"जिजा," भैयाजी म्हणाले, "तू हरवक्ती माह्या डावीकडंच काहून बसतं वं?"

गेली दोन वर्षं त्यांची समजूत होती की तिकडे खिडकी आहे, उन्हाला बसत असेल. आज खुर्ची उलटी होती, खिडकी उजव्या हाताला गेली होती. जिजाबाई तरीही डावीकडेच बसल्या होत्या.

जिजाबाईंनी चहाचा घोट घेतला. "उजवीकडून बोललं का तुमी नुसतं 'हाव, हाव' म्हनता. आयकत काही नाही."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाले असतीन. हॉलमधी तुमी आवाज लावला ना, तवा आमी बाया उजव्या बाजूले बसलो होतो. भजन सुरू झालं अन् आमचे कानच फुटाले आले. यमुताईनं तं कानात कापूस घातला. तवाच मले समजलं."

"दोन वर्सं कापूस घालून भजन करता तुमी? अन् कोनी बोललं नाही?"

"कोन बोलन? भैयाजीनं लावलं ते खरं."

"तू तं बोलाचं ना वं."

जिजाबाईंनी कप खाली ठेवला. "सारा मोहल्ला तुमच्या कानाचं नाव घेते. तुमी भल्ले खुश होता. मी कायले ते हिसकून घेऊ? म्या आपली बसाची जागा बदलली."

भैयाजींनी बायकोकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं त्यांना बरंच काही तोंडावर ऐकवलं होतं: त्यांचं घोरणं, त्यांची उधळपट्टी, त्यांच्या बहिणी, त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. आणि ही एक गोष्ट गिळून दोन वर्षं स्टूल सरकवत राहिली होती. त्यांचे डोळे भरून आले. चहा गरम आहे म्हणत त्यांनी ते पुसले.

धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाई वयानं पियूषएवढ्या होत्या. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बारीक बारीक आवाज ऐकवले, मग कागदावर एक रेघ दाखवली. डाव्या कानाची रेघ वयाच्या मानानं बरी. उजव्या कानाची वरच्या सुरांपाशी कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. मग त्यांनी शेंगदाण्याएवढं यंत्र काढलं. "काका, हे लावा उजवीकडे. यात छोटा अ‍ॅम्प्लिफायरच असतो."

भैयाजी सावध झाले. "कोनता अ‍ॅम्प्लिफायर?"

"म्हणजे?"

"तापते का?"

"नाही काका, कानात तापून कसं चालेल? क्लास डी असतो. बॅटरी कमी खातो."

पियूष खिडकीबाहेर पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते. भैयाजींनी शेंगदाणा तळहातावर घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "घोड्याम्होरून थेट कानातच आला का बे तू?" मग काहीही न कळता डॉक्टरीणबाईही हसल्या.

रविवारी आठला बैठक भरली. आता ही गोष्ट लपवता आली असती. यंत्र इतकं लहान की देवरावांच्या चष्म्यालाही दिसलं नसतं. आदल्या दिवशी भैयाजींच्या मनात तेच चाललं होतं, खोटं कशाला बोलायचं. कानवाले भैयाजी म्हणून एवढी वर्षं मिरवलं, आता कोणत्या तोंडानं सांगायचं? पण यमुताईंचा कापूस त्यांना काही केल्या विसरता येईना. पोहे झाल्यावर त्यांनी कानातून यंत्र काढलं आणि सगळ्यांच्या पुढे तळहातावर धरलं.

"माहा उजवा कान गेला गा," ते म्हणाले. "दोन वर्सं मी तुमाले वाकडं आयकवून राहिलो. हॉलमधी बी तसंच लावलं. चूक माही हाय."

नवा अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, पण तो तर भुणभुणतही नव्हता. मग देवरावांनी पिशवीतून वही काढली. पानं उलटली. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीचं चित्र: बटण सरळ. पुढच्या दिवाळीत जरासं कलतं. मग आणखी. मग घड्याळातले दोन. मास्तरांचा हात असा, की प्रत्येक बटणावरची रेघ आणि तिची सावलीसुद्धा काढलेली.

"आत्ता समजलं," देवराव म्हणाले, "माही बायको एवढ्यात घरी उजव्या स्पीकरजवळ काहून बसत नाही तं!"

आधी भैयाजी हसले. मग सगळे इतके हसले की रेकॉर्ड लावायला उशीर झाला. "जाऊन सरळ करा आधी ते बटन," भैयाजी म्हणाले. "अन् संध्याकाळी हॉलवर या सारे. मी मधात बसतो. उजवीकडं जिजा बसन, यमुताई बसतीन. त्या सांगतीन तसं लावू. कापूस आनला कोनी तं दंड."

"म्हंजे कानवाल्या जिजाबाई," कुणीतरी म्हणालं. भैयाजींनी यंत्र पुन्हा कानात बसवलं आणि म्हणाले, "हाव. तिचाच कान चांगला हाय घरात."

मग सनईची रेकॉर्ड लागली. उजवीकडचा पडदा बाजूला झाला आणि सनई दोन्ही स्पीकरच्या मधोमध येऊन उभी राहिली, जिथे ती नवा डब्बा आल्यापासून भैयाजींना एकदाही सापडली नव्हती. भैयाजींनी डोळे मिटले नाहीत. जुन्याची ऊब यात नाही, हे त्यांचं मत अजून कायम होतं, पण फुंकणाऱ्यानं मध्ये घेतलेला श्वास ऐकू येत होता आणि तो ऐकून त्यांना फार आनंद झाला.

जिजाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. सगळ्यांना कप दिले आणि सवयीनं स्टूल डावीकडे ओढायला लागल्या.

"तिकडं नाही," भैयाजी म्हणाले. बाजू संपायच्या आधी बोलायचं नाही, हा नियम आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच मोडला. "इकडं बस वं. उजवीकडं."

जिजाबाईंनी एकदा बैठकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. स्टूल उचललं आणि उजव्या अंगाला येऊन बसल्या. पदर सारखा केला. मग सनई चालू असतानाच, ओठ जेमतेम हलतील इतक्या हळू, समोर पाहत त्या म्हणाल्या, "तुमच्या या डब्ब्यावर दही काही लागत नाही जी."

"आलं आयकू," भैयाजी म्हणाले. "जुना डब्बा फेकू नोको. त्याच्यात तापनारा बल्ब लावून देतो तुले."